आप्पांचा राजा

डोळे मिटायची गरज नाही. उघड्या डोळ्यांनीच जरा असं धरून चल, की तू अकरा वर्षांची आहेस. तुझे केस जेमतेम कानापर्यंत आलेत, कारण गेल्या वर्षीच्या तापात ते काढावे लागले होते. तू सोलापुरात, भवानी पेठेत, एका दगडी कट्ट्यावर मांडी घालून बसली आहेस. दुपार उतरलीय तरी दगड तापलेलाच आहे. परकराची घडी दुहेरी करून बसलं तरी चटका लागतो. मागच्या गल्लीतून हातमागांचा आवाज येतोय, पण तो इतका रोजचा की थांबला तरच कळावा. समोर बुद्धिबळाचा कापडी पट पसरलाय. लाल मोहरी तुझी, हिरवी समोरच्या मुलाची. तू आजवर एकदाही हरलेली नाहीस. आणि तो मुलगा हत्ती पुढं सरकवतो, "मात" म्हणतो, आणि जणू काही झालंच नाही असा शेंगा सोलायला लागतो.

एवढं मनाशी धरलंस, तर दुर्गाला त्या क्षणी कसं वाटलं ते वेगळं सांगायला नको. तिनं पटावर नजर फिरवली. राजाला पुढं घर नव्हतं, मागं घर नव्हतं. बाजूच्या घरात तिचाच उंट बसला होता. तो सुरुवातीपासून तिथंच बसला होता, त्याला हलवायचं तिच्या मनातच आलं नव्हतं. काहीतरी चुकीचं मोजलं गेलंय, आता कुणीतरी येऊन सांगेल आणि मोहरी परत मांडली जातील, असं तिला वाटत राहिलं.

"मात कशी?" ती म्हणाली. "माझं प्यादं बघ की कुठवर आलं होतं! आणखी दोन खेळ्यांत तुला प्यादेमात होती."

"दोन खेळ्या मिळाल्या तर ना," विरुपाक्ष म्हणाला. तो घरमालकीण सिद्धम्माचा नातू, दुर्गापेक्षा दीड-दोन वर्षांनी मोठा, आणि बोलताना शेंगांची टरफलं उडवायची त्याची खोड होती. "तुझा वजीर मी कवा खाल्ला ते तरी कळलं का तुला? हत्ती गेला, घोडा गेला, आणि तू आपली एक प्यादं हातात धरून चाललीस, देवाला नारळ घेऊन निघाल्यागत."

"आप्पांना मी कितीतरी वेळा प्यादेमात केलीय!"

विरुपाक्षाचा सोलायचा हात थांबला. "तुझ्या आप्पांना? चिंतामणी कारकुनांना? अगं, आमचे काका म्हणतात, त्यांच्यासमोर बसायचं तर पोटभर जेवून बसावं, मधे उठायला मिळत नाही. त्यांना तू प्यादेमात केलीस?" तो हसला. त्या हसण्यात खोच अशी नव्हती, त्याला खरोखरच गंमत वाटली होती, आणि तेच वाईट होतं. "मग राजा त्यांनीच आणून दिला असंल तुझ्या दारात."

प्यादेमात म्हणजे काय, हे तेव्हा पेठेतल्या पोरासोरांनाही माहीत होतं. वजिरानं किंवा हत्तीनं राजा कोंडला तर ती नुसती मात. पण पटावरचं सगळ्यांत लहान मोहरं, एकेक घर चालणारं प्यादं, त्यानं जर राजाला शेवटचा शह दिला आणि राजाला हलता आलं नाही, तर कट्ट्यावरची माणसं उठून बघायला येत. जिंकणाऱ्याचं नाव चार दिवस निघत राही. चांगल्या खेळणाऱ्यालाही ती वर्षात एखाद्या वेळी साधायची. दुर्गाला ती जवळजवळ दर रविवारी साधत होती, आणि यात काही नवल आहे असं तिला त्या दुपारपर्यंत कधी वाटलं नव्हतं.

कट्ट्यापासून घरापर्यंत फक्त अंगण ओलांडायचं होतं. सिद्धम्माच्या घराच्या मागच्या दोन खोल्या दुर्गाच्या वडिलांनी, आप्पांनी, भाड्यानं घेतल्या होत्या. पण अंगण त्या दिवशी संपेना. वाळत घातलेल्या मिरच्यांच्या कडेनं चालताना तिला उगाच आठवलं, आजारातून उठल्यावर पहिल्यांदा चालली ती इथंच. पाय लोकरीचे झाल्यासारखे वाटायचे, आणि आप्पा पुढं उलटे चालत, दोन्ही हात पसरून. तिचा हात त्यांनी धरला नव्हता, पण पडली असती तर थेट त्यांच्या हातांतच पडली असती. त्याच दिवसांत ती बुद्धिबळ शिकली. खोलीत अंधार करून ठेवलेला, कपाळावर ओली पट्टी, तोंडाची चव गेलेली. आप्पा मिलमधून यायचे, त्यांच्या केसांत कापसाची पिंज अडकलेली असायची. हातपाय धुऊन ते पलंगाशेजारी स्टूल ओढून बसायचे आणि लाकडी पट तिच्या गुडघ्यांवर ठेवायचे. गुडघा हलला की हत्ती गडगडत गोधडीच्या घडीत जाऊन पडायचा. "हत्ती दरीत गेला," आप्पा म्हणायचे, आणि घडीत हात घालून शोधायचे. ती हसायची. हसली की दुखायचं, तरी हसायची. आणि मग एके दिवशी तिचं छोटं लाल प्यादं एक घर पुढं गेलं, आप्पांनी पटाकडं बघितलं, पुन्हा बघितलं, डोक्याला हात लावला आणि आत ओरडून सांगितलं, "अगं, ऐकलंस का, पोरीनं प्यादेमात केली मला!" आई हात पुसत आली होती. तिनं शेजारीपाजारी साखर वाटली होती. टक्कल झालेल्या, काटकुळ्या दुर्गाला त्या दिवशी वाटलं होतं की आपल्याजवळ काहीतरी आहे. केस गेले, शाळेचं वर्ष गेलं, पण हे आहे.

आई चुलीशी भाकरी थापत होती. दुर्गा दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

"आई, आप्पा मला मुद्दाम जिंकू देतात का गं?"

आईचा हात काठवटीवर क्षणभर थबकला. पीठ भुरभुरलं, हात पुन्हा फिरू लागला. "कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. तू सांग."

"जिंकतेस ना? मग झालं तर. चौकशा कसल्या करतेस? ते दूध निवलंय बघ, पिऊन टाक आधी."

दुर्गा दूध प्यायली. गार दुधावरची साय ओठाला चिकटली. आईनं नाही म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना सिद्धम्मानं तिला हाक मारली. सगळी पोरं तिला अव्वा म्हणत. थोराड बांध्याची, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढणारी, कानडी वळणाची मराठी बोलणारी ही बाई सकाळी कट्ट्यावर धान्य निवडताना जितकी सावकाश दिसायची तितकीच तिन्हीसांजेला दिसायची. "बा गं इकडं," ती म्हणाली. "काल रडत गेलीस म्हणं."

"रडले नाही मी."

"बरं, न्हाई रडलीस. बस. मोहरी मांड बघू."

दुर्गा बघतच राहिली. "अव्वा, तुम्हाला खेळता येतं?"

"येत न्हाई तर काय! लगीन होऊन आले तवा तुझ्याएवढी होते. मामंजींना खेळायला कुणी न्हाई, पाय धरलेले त्यांचे. सुनंनं सासऱ्यासमोर बसायचं न्हाई. मग मी दाराआड उभी. 'वजिरापुढचं प्यादं एक घर,' असं आतनं सांगायचं, की ते हलवणार. माझं बी तेच हलवणार, त्यांचं बी तेच. मला पट दिसायचाच न्हाई." सिद्धम्मा गालातल्या गालात हसली. "मग सगळं डोक्यात धरावं लागतंय. कोण कुटं बसलंय, आणि कोण उगंच झोपलंय."

दुर्गानं मोहरी मांडली. सवयीनं तिनं वजिराला वाट करून दिली आणि वजीर लगेच बाहेर काढला. सिद्धम्मानं नुसतं विचारलं, "ह्यो एकटा कुटं निघाला?" दुर्गाचं बोट वजिरावरच राहिलं. "त्याच्या पाठीशी कोण हाय? जोर कुणाचा हाय त्याला?" जोर म्हणजे आधार, आपलं मोहरं कुणी मारलं तर उलट मारायला मागं आपलं दुसरं उभं असणं. वजिराच्या मागं कुणीच नव्हतं. घोडे तबेल्यात, उंट आपल्या जागी, हत्ती कोपऱ्यांत. "सगळ्यांना घरात झोपवून मालक एकटा बाजाराला गेला," सिद्धम्मा म्हणाली, "मग कुणीबी लुटंल की." त्या दिवशी खेळ झालाच नाही. एवढंच झालं की दुर्गानं प्रत्येक मोहरं एकेकदा बाहेर आणलं, आणि आणताना म्हणायचं, याला जोर कुणाचा. विरुपाक्ष दारात उभा राहून म्हणाला, "अव्वा, हिला उद्या प्यादेमात शिकव, साखर मिळंल," तेव्हा सिद्धम्मानं त्याच्याकडं न बघताच सूप आपटलं आणि तो पळाला.

मग रोज शाळेनंतर ती तिथं बसू लागली. सिद्धम्माची शिकवायची रीत मोठी विलक्षण होती. ती नियम सांगायची नाही, विचारायची. एकदा तिनं पट रिकामा केला, एकच घोडा कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाली, "ह्याला कुटं कुटं जाता येतं, तितं शेंगदाणा ठेव." दुर्गानं ठेवले, दोनच बसले. मग तिनं घोडा मधोमध उचलून ठेवला. दुर्गा ठेवत गेली तसे आठ झाले, घोड्याभोवती शेंगदाण्यांचं फूलच उमललं. ती बघत राहिली. घोडा तोच, लाकूड तेच, फक्त जागा बदलली. शाळेत आजारानंतर तिला मागच्या कोपऱ्यातल्या बाकावर बसवलं होतं, मुली केसांना हसतात म्हणून बाईंनीच तशी सोय केली होती. तिथून फळ्याचा अर्धा भाग दिसायचा नाही. दुसऱ्या दिवशी ती कुणाला न विचारता पुढच्या ओळीत मधल्या बाकावर जाऊन बसली. मुली हसल्या. पण फळा सगळा दिसत होता.

हे सगळं ती आप्पांपासून लपवत होती असं नाही, आणि सांगतही नव्हती. रविवार यायचा, मिल बंद असायची, आप्पा जेवून सुपारी कातरत म्हणायचे, "काय दुर्गाबाई, मांडायचं का?" आणि ती काहीतरी कारण काढायची. गृहपाठ आहे, डोकं दुखतंय. डोकं दुखतंय म्हटलं की आप्पांची सुपारी हातातच राहायची आणि त्यांचा तळवा तिच्या कपाळावर यायचा. त्या तळव्याला शाईचा आणि तंबाखूचा मिळून एक वास होता. "ताप नाही," ते स्वतःशीच म्हणायचे, आणि तरी हात लगेच काढायचे नाहीत. तिला वाटायचं, राहू दे ना असंच. जिंकू देतात तर देऊ दे. मोठ्यांदा "पोरीनं हरवलं मला" म्हणणारे आप्पा घरात असणं काही वाईट नाही. ते खरे खेळले तर आपण हरू, दर रविवारी हरू, कदाचित मोठी होईपर्यंत हरत राहू. मग आपल्याजवळचं ते काहीतरी, जे साखर वाटण्यासारखं होतं, ते कुठं राहील? रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या ती दोन्ही बाजूंनी विचार करायची आणि दोन्हीकडून तिला शह बसायचा.

सिद्धम्माचा सगळ्यांत अवघड प्रश्न मात्र शेवटी आला. दुर्गा आता चटकन हरत नव्हती. विरुपाक्षाशी तिचा एक डाव बरोबरीत सुटला होता, आणि त्यावर तो "ऊन डोळ्यावर होतं" असं म्हणाला होता. एका संध्याकाळी सिद्धम्मानं आपला उंट तीन घरं मागं घेतला. दुर्गानं लगेच आपल्या मोहऱ्याकडं हात नेला.

"थांब की," सिद्धम्मा म्हणाली. "मी काय केलं?"

"उंट मागं घेतलात."

"कशाला?"

"भिऊन."

"मी भिते का कुणाला? बघ. समोरच्यानं एक मोहरं हलवलं म्हणजे त्यानं तुला एक गोष्ट सांगितली. तू आपलंच ऐकत बसतीस. त्याला काय पायजे, ते आधी बघायचं. मग आपला हात."

दुर्गानं पटाकडं पाहिलं. उंट मागं गेला होता खरा, पण त्यामुळं सिद्धम्माच्या हत्तीची वाट मोकळी झाली होती, आणि त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला दुर्गाचा वजीर उभा होता. हे सगळं आधीपासून तिथंच होतं आणि तिला दिसत नव्हतं. तिनं वजीर बाजूला घेतला. "अस्सं," सिद्धम्मा म्हणाली, आणि तिच्या तोंडून तो एक शब्द ऐकायला दुर्गा सगळी पेठ पायी फिरून आली असती.

पण प्रश्न एकदा शिकला की तो आपल्याला हवा तिथंच थांबत नाही. अंगण ओलांडून घरी येताना दुर्गाच्या मनात जुने डाव आपोआप मांडले जाऊ लागले. गोधडी, गुडघ्यांवरचा पट, आप्पांचा हात. त्यांनी हत्ती पुढं आणला होता, तिच्या घोड्याच्या तोंडाशी. त्यांना काय हवं होतं? त्यांनी राजा मधे आणला होता, एकेक घर, सावकाश, जणू फिरायला निघालेला. त्यांना काय हवं होतं? प्यादेमात झाली की ती टाळ्या वाजवायची, आणि तोवर निववून ठेवलेली पेज आई पुढं करायची, आणि त्या आनंदात ती वाटीभर पेज पिऊन जायची. हरली असती तर तोंड फिरवून झोपली असती. तिला आता आठवलं की आप्पा जिंकलेल्या तिच्याकडं बघायचेच नाहीत. ते वाटीकडं बघायचे. वाटी रिकामी होईपर्यंत ते मोहरी गोळा करत राहायचे, एकेक, पिशवीत टाकत, घाई न करता.

दुर्गा मिरच्यांच्या चटईजवळ उभी राहिली. तिला राग यायला हवा होता, तसं तिनं ठरवलंही होतं. पण राग येईना. चटईबाहेर पडलेली एक मिरची तिनं उचलून आत टाकली. ते बुद्धिबळ खेळतच नव्हते. ते पेज पाजत होते.

मग तिच्या मनात दुसरं आलं, आणि ते जास्त बोचरं होतं. पेज आता बंद झाली होती. ती शाळेत जात होती, विहिरीवरून छोटी घागर आणत होती, मधल्या बाकावर बसत होती. तरी, ती कारणं काढायला लागेपर्यंत, आप्पांचा राजा दर रविवारी फिरायला निघतच होता. म्हणजे आप्पांच्या डोळ्यांसमोरची दुर्गा अजून पलंगावरच होती. तिला उठायचं होतं. ती कुणाला हरवायला निघाली नव्हती, तिला आप्पांच्या समोर बसायचं होतं, विरुपाक्षाचे काका बसतात तसं.

त्या रविवारी तिनं स्वतःच पट काढला. आप्पा सतरंजीवर लवंडले होते, ते उठून बसले. त्यांचा चेहरा खुलला. "आज डोकं नाही ना दुखत?"

"नाही. आप्पा, आज खरं खेळायचं."

"म्हणजे रोज काय खोटं खेळतो की काय मी?" ते हसले. पण हसता हसता त्यांची नजर तिच्या केसांवर जाऊन आली, कानापाशी संपणाऱ्या टोकांवर. ती नजर दुर्गानं पाहिली. पूर्वी ती तिला दिसत नसे.

डाव सुरू झाला. दुर्गानं घोडे मधे आणले, उंटांना वाटा केल्या, प्रत्येक प्याद्यामागं कुणीतरी उभं केलं. आप्पांची भुवई एकदा वर गेली. "हे कुणी शिकवलं?" "कुणी नाही," ती म्हणाली. "मीच." तिथं ती खोटं बोलली, अव्वाचं नाव सांगितलं तर आप्पा लगेच कौतुक करायला लागतील, आणि तिला कौतुक नको होतं. काही वेळ ते खरंच विचार करून खेळत होते असं तिला वाटलं. त्यांनी हात गुडघ्यावर ठेवला होता आणि अंगठा बोटांवर घासत होते. ती पटावर आणखी वाकली. मग कोपऱ्यात आई खोकली, ताटं मांडायचा आवाज झाला, आप्पांनी मान वर केली, तिच्याकडं पाहिलं, आणि त्यांचा अंगठा थांबला. पुढच्याच खेळीत त्यांचा वजीर पुढं आला आणि तिच्या उंटाच्या तिरक्या वाटेवर बिनजोरी उभा राहिला.

त्यांना काय हवंय? तिनं वजीर मारला. न मारून चाललं नसतं, तो तिथं ठेवलेलाच होता. मग हत्ती आला आणि गेला. मग राजानं आपल्या घरातून पाऊल टाकलं. एक घर. पुन्हा एक घर. दुर्गा आता पट पाहायची सोडून आप्पांचा हात पाहत होती. आणि तिला दिसायला लागलं की ते किती अवघड काम करत होते. प्यादेमात करून घ्यायची म्हणजे राजाच्या सगळ्या वाटा आपल्याच मोहऱ्यांनी बंद करायच्या, तिची मोहरी कुठं जातील ते ओळखायचं, तिला दुसरीकडून चुकून मात करता येऊ नये म्हणून तिथं आडोसा ठेवायचा, आणि हे सगळं चूक झाल्यासारखं दिसलं पाहिजे. मधेच ते "अरेच्या" म्हणायचे. मधेच डोकं खाजवायचे. इतकं नीट हरायला माणसाला किती खेळता यावं लागत असेल! कट्ट्यावरचे लोक उगाच भीत नव्हते. एवढं सगळं बळ तिच्या समोर बसलं होतं, आणि ते तिला कधी भेटत नव्हतं.

"आप्पा," ती म्हणाली, "तुमचा राजा कुठं निघालाय?"

"अं? हा होय? जरा वारा खायला." ते मिश्किल हसले. "तुझी खेळी."

तिनं एक साधी खेळी केली. आता सगळं जुळून आलं होतं. लाल प्यादं एका घरावर दबा धरून बसलं होतं. हिरवा राजा आणखी एक पाऊल पुढं आला की प्यादं एक घर चालणार, तिरका शह बसणार, आणि राजाला हलायला जागा उरणार नव्हती. कोपऱ्यात आईनं वाटीत आमटी वाढली. बाहेर कुणीतरी टांग्यातून उतरत भाड्यावरून भांडत होतं. दुर्गा विचार करत होती. समोरच्याला काय पाहिजे ते कळलं, मग पुढं? ते त्याला मिळू द्यायचं नाही. अव्वा असंच करायची. आप्पांना हरायचं होतं. ती चुकीचं खेळली तर ते आणखी चुकीचं खेळतील; यात त्यांच्यापुढं तिचा टिकाव लागणार नव्हता. प्यादं चालवलं नाही तर राजा दुसऱ्या प्याद्यापुढं जाऊन उभा राहील. लाल बाजूला बसून तिला काहीच करता येत नव्हतं. लाल बाजू जिंकलेली होती. त्या बाजूला जो कुणी बसेल त्याला जिंकावंच लागेल.

ती थांबली. तो विचार तिनं पुन्हा एकदा सावकाश केला.

आप्पांनी राजा दोन बोटांत धरला होता. तो पटावरून उचलला गेला होता, पण खाली टेकला नव्हता.

"ठेवू नका," दुर्गा म्हणाली. तिनं हात पुढं करून त्यांच्या हातावर ठेवला आणि राजा होता त्याच घरात परत टेकवायला लावला. आप्पांनी चकित होऊन तिच्याकडं पाहिलं. केसांकडं नाही, डोळ्यांकडं.

"काय झालं गं?"

गुडघ्यांवर उठून तिनं लाकडी पटाच्या दोन्ही कडा धरल्या आणि एकही मोहरं न पाडता, श्वास रोखून, पट अर्धा फिरवला. लाल मोहरी आप्पांसमोर गेली, दबा धरलेल्या प्याद्यासकट. तिच्यासमोर आली हिरवी. वजीर नसलेली, हत्ती गेलेली, उघड्यावर आलेला राजा. मग ती नीट मांडी घालून बसली, परकर सारखा केला, पट डोळ्यांनी एकदा आडवा आणि एकदा उभा पाहिला, आणि हिरवा राजा एक घर मागं, घोड्याच्या आडोशाला नेऊन ठेवला.

"आता तुमची खेळी," ती म्हणाली.